मागून ठोकलं म्हणजे क्लेम गेला?

मागच्या लेखात मी माझ्या अपघाताचं लिहिलं होतं: माझी गाडी रात्री उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं (नुकसान तपासणाऱ्यानं) चूक माझीच, 'वाजवी काळजी घेतली नाही' असं लिहिलं, म्हणून क्लेम नाकारला गेला. त्यावर धुळ्याच्या एका भाऊंनी लिहिलंय: "मागून ठोकणाऱ्याचीच चूक असते, हे शाळकरी पोरालाही कळतं. सर्व्हेअरनं तेच लिहिलं तर बिघडलं कुठे? तुम्ही भांडून पैसे काढता आणि प्रीमियम आमचा वाढतो." त्यांच्या पुतण्याचाही क्लेम असाच नाकारला, तेव्हा त्यांनी गुपचूप घरचे पैसे भरले म्हणे.

भाऊ, राग नाही. तुमच्या बाजूचं आधी कबूल करतो. त्या रात्री मी साठच्या आसपास होतो. समोरून येणाऱ्या ट्रकचा अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) डोळ्यांवर आला तेव्हा ब्रेकवर पाय जायला हवा होता, तो उशिरा गेला.

पण पुढे काय उभं होतं तेही ऐका. फैजपूर सोडून यावलकडे निघालो होतो. केळीनं भरलेली ट्रॉली अर्धी डांबरावर, अर्धी साइडपट्टीवर. दिवा नाही, मागे खुणेला साधी फांदीसुद्धा नाही. घडांखाली अंथरलेली पानं फळीवरून खाली लोंबत होती. भाच्यानं मोबाइलवर फोटो काढताना त्यातलं एक पान हातानं उचललं, तेव्हा कुठे मागची लाल चकती दिसली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पाच मिनिटं चहाला थांबलो होतो, भो." ट्रॉलीला दिवा नव्हता हे पंचनाम्यातही आलंय. सर्व्हेअरनं मात्र गाडी पाहिली ती गॅरेजात, अपघाताच्या जागी तो फिरकलाच नाही.

आणि समजा, चूक सगळी माझीच. तरी काय? मी क्लेम केलाय माझ्याच पॉलिसीवर, ओन डॅमेजखाली, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी. तिथं चूक कोणाची हे बघायचं नसतं. लायसन नसेल, दारू प्यायलेली असेल, खासगी गाडी भाड्यानं फिरवत असेन, तर कंपनीनं खुशाल हात वर करावेत. नुसता अंदाज चुकला म्हणून 'वाजवी काळजी घेतली नाही' असं लिहून मोकळं होता येत नाही. माझ्या हातून कधी चूक होणारच नसती तर फुल इन्शुरन्स कशाला काढला असता? नुसतं दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या थर्ड पार्टी विम्यावर भागलं असतं.

कोणाची चूक किती टक्के, हा हिशोब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो, नुकसान दुसऱ्याचं असतं तेव्हा. तिथंही 'मागून ठोकलं, विषय संपला' असं नाही. रस्त्यात विनादिव्याचा उभा गॅस टँकर आणि समोरच्या हेडलाइटनं दिपलेला कारचालक, असा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उच्च न्यायालयानं निम्मी चूक कारचालकाच्या माथी मारली होती, ती २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुसून टाकली. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हेही त्याच न्यायालयानं २००९ मध्येच सांगितलंय.

राहिला फुकटच्या पैशांचा टोमणा. क्लेम मंजूर झाला तरी माझा तीन वर्षांचा, ३५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाणारच आहे. तो बोनस 'नो क्लेम'चा असतो, 'नो चूक'चा नसतो.

आता पुतण्याचं बघा. क्लेम नाकारल्याचं पत्र शोधा आणि त्यावरची तारीख बघा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, पण वर्षाच्या आत. फी नाही, आणि वकील तर तिथं चालतच नाही. पंचनाम्याची नक्कल मात्र आधीच काढून ठेवा. पत्रात नुसता 'निष्काळजीपणा' असा शब्द असेल, तर पॉलिसीची नेमकी कोणती अट मोडली ते लेखी मागा. मी मागितलं, त्याला पाच आठवडे झाले. उत्तर नाही, म्हणून सोमवारी लोकपालाकडे कागद पाठवले.