वेळेअभावी

आज दुपारी वाशीला एका 'युवा संवादा'ला जाऊन आले आणि डोकं अजून ठणकतंय. कोणी भरवला होता ते विचारू नका, सांगणार नाही. विषय भारदस्त होता: भावी पिढ्यांसाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि युवकांचा सहभाग. लेकीला युवा प्रतिनिधी म्हणून बोलावलं होतं, बोलायला ३ मिनिटं. १९ वर्षांची पोर, चार रात्री जागली. कागदाची चौघडी करून कुर्त्याच्या खिशात ठेवलेली.

व्यासपीठावर सात खुर्च्या, सातही जण साठीपुढचे. आणि माझ्या मुलीच्या हातात काय दिलं? तबक. शाल-श्रीफळाचं. एकेका पाहुण्याचं नाव पुकारलं की हिने तबक घेऊन पुढे यायचं, सत्कार झाला की मागे सरकायचं. सात वेळा! शेवटी सूत्रसंचालक म्हणाले, वेळेअभावी युवा प्रतिनिधींची मनोगतं होणार नाहीत. त्यानंतरचं आभारप्रदर्शन मात्र १५ मिनिटं चाललं हो. मांडववाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. तबकवालीचे राहिले.

तिच्या कागदावर होती आपली खाडी. ऐरोलीला राहतो आम्ही, फ्लेमिंगो बघायला पाहुणे आले की मिरवतो. पण ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जगाच्या दृष्टीने महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि अशा जागा जपण्याचा तो आंतरराष्ट्रीय करार १९७१ साली इराणमधल्या रामसर गावात झाला, हे मला लेकीकडून कळलं. तिचं म्हणणं साधं होतं. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे न्यूयॉर्कच नव्हे, ते आपल्या कांदळवनातल्या चिखलापर्यंत येतं. मग त्या चिखलाशेजारी पुढची पन्नास वर्षं ज्यांना राहायचंय त्यांना विचाराल की नाही?

भारताने नेट झिरोसाठी, म्हणजे हवेत जितका कार्बन सोडू तितकाच शोषला जाईल यासाठी, २०७० साल धरलंय. तेव्हा माझी मुलगी साठी ओलांडलेली असेल. व्यासपीठावरच्या सात जणांचं मी काही बोलत नाही, शुभ बोल नाऱ्या.

हो, मान्य आहे, अनुभवाला किंमत असते. आणि सगळी तरुण मंडळी जग बदलायला निघालेली नसतात, माझ्याच घरातलं रत्न सुट्टीच्या दिवशी अकराला उठतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये युवकांसाठी वेगळं कार्यालय काढलं, २०२४ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला भावी पिढ्यांविषयी जाहीरनामाही मंजूर केला. छान. पण जाहीरनाम्यातही पोरांच्या हाती तबकच येणार असेल तर काय चाटायचाय तो?

बोलू दिलं की काय होतं तेही तिच्या कागदावर होतं. पॅसिफिकमधल्या बेटांवरचे कायद्याचे २७ विद्यार्थी. २०१९ साली वर्गात बसून त्यांनी ठरवलं की हवामान बदलाचा प्रश्न थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वर्गातली पोरं हो! वानुआतूसारख्या चिमुकल्या देशाच्या सरकारने त्यांना हसून घालवलं नाही, प्रश्न उचलून धरला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचं मत मागवायचा ठराव एकमताने केला, आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. ते मत कुणावर बंधनकारक नाही, ठीक आहे. पण त्या २७ जणांना तेव्हा कोणी शाल-नारळाचं तबक धरायला उभं केलं असतं तर?

घरी येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. मीच तणतणत होते. रात्री कुकर लावला आणि म्हटलं, वाच, मला ऐकायचंय. ओट्याला टेकून वाचलं तिने. आवाज आधी बारीक होता, मग चढला. मी मोबाइलवर वेळ लावली होती. २ मिनिटं ४० सेकंद. वीस सेकंद शिल्लकच!

मी पुन्हा त्या आयोजकांवर घसरणार, तेवढ्यात बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, "आई, गेल्या सोसायटीच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरचा दादा गच्चीवरच्या सोलरचं बोलायला उभा राहिला, तेव्हा 'बाळा, आधी मोठ्यांचं होऊ दे' कोण म्हणालं होतं?"

मी म्हणाले होते. आणि मोठ्यांचं होईपर्यंत वडापाव आले आणि सभा उठली. तो मुलगा तेव्हापासून लिफ्टमध्ये मला बघून मोबाइलमध्ये डोकं घालतो, मला वाटायचं आजकालची मुलं अशीच.

रविवारी सभा आहे. त्याला सगळ्यात आधी बोलायला लावते, असं तिला सांगितलं.

तर म्हणाली, "किती मिनिटं?"