लॉक करा ना, हाकलता कशाला?

कीबोर्डवर हात नाही म्हणजे माणूस काम करत नाही, हे कोणी ठरवलं? मला त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय. आमच्या ऑफिसात पंधरा मिनिटं माउस हलला नाही की मशीन आपोआप लॉगऑफ होतं. नीट वाचा, लॉक नाही, लॉगऑफ. उघडलेल्या सगळ्या फायली बंद, सेव्ह न केलेलं सगळं गेलं, आणि समोर पुन्हा तो नाव-पासवर्डचा निळा स्क्रीन. आधी सूचना नाही, विचारणं नाही, काही नाही.

मी आस्थापना शाखेत आहे. पेन्शन केस तयार करणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. सेवापुस्तक उघडायचं आणि नियुक्तीच्या दिवसापासून एकेक नोंद वाचत यायचं. जुन्या पानांवरची शाई उडालेली असते. कुठे वेतनवाढीच्या नोंदीवर सहीच नसते. कुठे असाधारण रजेमुळे वेतनवाढीची तारीख पुढे गेलेली असते, पण ती नोंद तीन पानांनंतर सापडते. बदली झालेल्या ऑफिसने काही लिहिलेलंच नसतं, मग तिथे फोन लावायचा, तिथल्या बाईंनी कपाट उघडून बघेपर्यंत फोन कानाला धरून बसायचं. 1996, 2006 आणि 2016, तिन्ही वेतन आयोगांच्या वेतननिश्चिती एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. वेतननिश्चिती तपासणाऱ्या पडताळणी पथकाचा शिक्का आहे की नाही ते बघायचं. अर्जित रजेचा हिशोब कॅल्क्युलेटरवर पुन्हा मांडायचा. हे सगळं काम टेबलावर चालतं, स्क्रीनवर नाही. पानंच्या पानं वाचावीत तेव्हा कुठे एक तारीख एक्सेलमध्ये जाते. माझ्या नोकरीतलं सगळ्यात डोकं लावायचं काम हेच, आणि नेमकं याच कामात मशीनच्या लेखी मी रिकामी बसलेली असते!

परवा समोर निवृत्त ड्रायव्हर मामा बसले होते. त्यांची केस एका त्रुटीवर परत आली होती आणि ते तालुक्याहून एसटीने आले होते. त्यांचं सेवापुस्तक उघडून एका जुन्या बदलीची तारीख दोघं मिळून शोधत होतो. त्यांना आठवत होतं ते सांगत होते, मी पानं उलटत होते. तारीख सापडली, मान वर केली, तर स्क्रीन निळा. सकाळपासून तयार केलेला तक्ता उघडा होता, मधल्या ओळी गेल्या. मामांनी विचारलं, "मॅडम, झालं ना?" काय सांगायचं त्यांना? "मामा, जरा वेळ लागेल, चहा घेऊन या." संगणक आल्यावर काम पटापट होणार असं या लोकांना आपणच सांगितलं होतं ना?

यावर सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं असतं, "सेव्ह करत जायचं ना, मॅडम." करते हो मी सेव्ह. कंट्रोल एस दाबून दाबून बोटाला सवय लागलीय. पण कानाला फोन, एका हातात पेन आणि दुसऱ्या हाताखाली सेवापुस्तकाचं सुटं पान असताना माणूस घड्याळ बघत बसत नाही. एक्सेल स्वतःहून जी प्रत ठेवतं ती दर दहा मिनिटांनी, तीही कोणी सेटिंग बदललं नसेल तर. आणि जबरदस्तीने बंद झाल्यावर ती प्रत परत मिळेलच याची खात्री कोण देणार?

सुरक्षेचं कारण मला मान्य आहे, अगदी मनापासून मान्य आहे. लॉगिन उघडं टाकून जेवायला जाणारे लोक मी पाहिलेत. माझ्या नावाने दुसऱ्याने नोंद केली तर उत्तर मलाच द्यावं लागणार. पगाराची, जातीची, आजारपणाची माहिती असलेला स्क्रीन उघडा राहू नये, यात वादच नाही. पण त्यासाठी स्क्रीन लॉक करणं पुरतं! विंडोजमध्ये निष्क्रियतेची मर्यादा म्हणून जे रीतसर सेटिंग आहे, ते मशीन लॉकच करतं. सेकंदात आकडा टाकायचा, 900 लिहिलं की पंधरा मिनिटं. मागे सगळं जसंच्या तसं उघडं राहतं, पासवर्ड टाकला की आपण होतो तिथे परत. कार्डाने पैसे घेणाऱ्यांसाठी जे जागतिक सुरक्षा नियम आहेत, त्यातही एवढंच म्हटलंय की पंधरा मिनिटांहून जास्त वेळ हालचाल नसेल तर माणसाने पुन्हा ओळख पटवावी. त्याचं काम फेकून द्या, असं त्यात नाही.

लॉगऑफ करायचं तर मुद्दाम वेगळं काहीतरी बसवावं लागतं. पूर्वी मायक्रोसॉफ्टच्या रिसोर्स किटमध्ये, म्हणजे विंडोजसोबतच्या जादा साधनांच्या संचात, यासाठी विनएक्झिट नावाचा स्क्रीनसेव्हर यायचा. त्यातसुद्धा उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करायचे की नाही, याची वेगळी चौकट होती. म्हणजे विंडोज एनटीच्या त्या जुन्या काळातही लिहिणाऱ्याला कळत होतं की पलीकडे कोणाचं तरी अर्धवट काम असू शकतं. आमच्याकडे टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेली कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, एक आदेश लावून टाकलाय आणि विषय संपवलाय.

एका मशीनवर दोघं-तिघं बसतात, एकाने लॉक केलं की दुसऱ्याची पंचाईत होते, हे दुसरं कारण सांगतात. विंडोज एक्सपीच्या काळात ते खरं होतं. नेटवर्कवरच्या मशीनवर दुसऱ्याचं लॉक अॅडमिनशिवाय निघत नसे. पण त्यानंतर आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तिथेही वापरकर्ता बदलायची सोय आहे, माझं लॉक तसंच ठेवून दुसरा स्वतःच्या नावाने आत जाऊ शकतो. व्हिस्टा येऊन किती वर्षं झाली?

आणि या सक्तीचं फळ काय मिळालं, तेही ऐका. दिवसातून इतक्यांदा पासवर्ड मागितला की लोक तो कागदावर लिहितात. आमच्या शाखेत टेबलाच्या काचेखाली, कॅलेंडरच्या मागे, कॅल्क्युलेटरच्या पाठीवर पासवर्ड चिकटवलेले आहेत. एकाने तर ऑप्टिकल माउस मनगटी घड्याळावर ठेवायला सुरुवात केली. खाली सेकंद काटा फिरतो, वर पॉइंटर हलत राहतो आणि मशीन समजतं माणूस जागेवर आहे. ते मशीन आता दिवसभर उघडं असतं. आधी निदान तो उठताना स्वतः लॉक करायचा! सुरक्षेसाठी आणलेल्या नियमाने होती ती सुरक्षाही घालवली, आणि याचा जाब कोणी विचारत नाही.

ऑनलाइन फॉर्म भरायच्या पोर्टलचं दुखणं तर आणखी वेगळं. तिथे मी अखंड टाइप करत असले तरी सर्व्हरला मी निष्क्रियच दिसते, कारण पान सेव्ह केल्याशिवाय किंवा पुढे गेल्याशिवाय त्याच्याकडे काही पोचतच नाही. अशी पोर्टलं ज्यात बनवतात त्या पीएचपीत निष्क्रियतेची ही मुदत मुळातच 1440 सेकंदांची, म्हणजे 24 मिनिटांची असते, एएसपी डॉट नेटमध्ये 20 मिनिटांची. बहुतेक ठिकाणी तोच आकडा राहू देतात, आपला फॉर्म भरायला किती वेळ लागतो ते कोणी बघत नाही. लांबलचक फॉर्म भरून "जतन करा" दाबलं की "आपले सत्र संपले आहे". मग परत लॉगिन, परत कॅप्चा, आणि ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर. साहेब मीटिंगला. त्यात कीबोर्ड मराठीत राहिलेला असतो, पासवर्डचे नुसते ठिपके दिसतात, काय उमटलं ते कळत नाही. तीन वेळा चुकलं की खातंच बंद.

मुदत संपण्याआधी माणसाला सांगा, निदान वीस सेकंद द्या, एक साधी कळ दाबून मुदत वाढवू द्या आणि असं किमान दहा वेळा करू द्या. हे मी मनाचं सांगत नाही. वेबच्या सुगम्यतेच्या जागतिक निकषांमध्ये हे 2008 पासून लिहिलेलं आहे, आणि आपल्या सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच निकषांवर बेतलेली आहेत. ज्यांना दिसायला कमी आहे, ज्यांची बोटं हळू चालतात, त्यांच्यासाठी हा निकष आला. आमच्या शाखेत हाताला अपंगत्व असलेले एक सहकारी आहेत. त्यांना एकच फॉर्म परत परत भरताना बघते तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते. एवढा कामसू माणूस, आणि मशीन त्याला रोज सांगतं की तू काही करत नाहीस!

मी लेखी दिलंय. लॉगऑफ काढून लॉक लावा, दोन मिनिटं आधी सूचना द्या, आणि सामायिक मशीनवर वापरकर्ता बदलायची सोय चालू करा. तिन्ही गोष्टी त्याच मशीनमध्ये आधीपासून शक्य आहेत, एक रुपया खर्च नाही. उत्तर तोंडी आलं, "वरून धोरण आहे." बरं, धोरण आहे तर परिपत्रक असेल. त्यात लॉक म्हटलंय की लॉगऑफ, ते वाचू द्या. परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक मी दोनदा मागितला. अजून मिळालेला नाही. उद्या तिसरं पत्र देतेय, आणि या वेळी पोच घेतल्याशिवाय त्या टेबलासमोरून उठणार नाही.