बांगड्यावर आळ, तिसऱ्यांना माफी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: "कारखान्यांनी समुद्रात केमिकल सोडलंय. पाणी लाल झालंय, रात्री निळं चमकतंय. सगळी मासळी विषारी. खायचीच तर कोकम घालून अर्धा तास उकळा, विष मरतं." आमच्या गल्लीत रविवारचा बांगडा बंद झाला तो यानंच.

केमिकलचं आधी. लाटा रात्री चमकतात त्या बहुधा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवामुळे. पाणी ढवळलं की तो उजळतो, दिवसा त्याचाच थर लालसर नाहीतर हिरवा दिसतो. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यातले जेम्स हॉर्नेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मलबार किनाऱ्यावरच्या अशा पाण्याबद्दल लिहून ठेवलंय. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तळाचं पोषक पाणी वर येतं आणि सूक्ष्म शैवालांना बहर येतो. सांडपाणी, खतं त्यात भर घालतात, हे मान्य. आपणही त्यातून सुटत नाही: खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्रालाच मिळते.

शिवाय लाल म्हणजे विषारी, हे समीकरणच चुकीचं. नॉक्टिल्युका साचून पाण्यातला प्राणवायू संपला, अमोनिया वाढला, की मासे मरतात. पण लकव्याचं विष तो बनवत नाही. ते बनवणारे जीव वेगळे, आणि ते असताना पाणी स्वच्छही दिसू शकतं.

आता "सगळी मासळी". तिसऱ्या, शिनाणे, कालवं हे शिंपल्यातले जीव दिवसभर पाणी गाळून खातात, त्यामुळे सॅक्सिटॉक्सिन हे लकव्याचं विष त्यांच्या मांसात साठतं. बांगड्यात पोहोचलंच तर ते मुख्यतः आतड्यात राहतं, आणि ती आपण साफ करताना टाकतोच. किनाऱ्याला मरून लागलेला मासा मात्र कुणी फुकट दिला तरी नको.

सगळ्यात घातक ती कोकमाची ओळ. सॅक्सिटॉक्सिन उकळून नष्ट होत नाही. उलट आंबट पाण्यात ते जास्तच टिकतं. थोडं रश्शात उतरतं, आणि रस्सा तर आपण वाटीनं भुरकतो! १९८३ मध्ये मंगळूरजवळच्या कुंबळे खाडीतल्या तिसऱ्या खाऊन लोकांना हीच विषबाधा झाली होती. आधी ओठ-जिभेला मुंग्या, मग बधिरपणा, शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. यावर उतारा नाही. वेळेत दवाखाना गाठला तर कृत्रिम श्वासावर माणूस वाचतो, कारण विष हळूहळू लघवीवाटे निघून जातं. म्हणून तिसऱ्या खाल्ल्यावर ओठ झिणझिणले तर लिंबू-सरबत करत बसू नका, गाडी काढा. डॉक्टरांना काय आणि कधी खाल्लं तेही सांगा.

चोर्ला घाटातून येणारा बांगडा घ्या, डोळे-कल्ले बघून. तिसऱ्या घेताना मात्र कुठल्या खाडीतल्या ते विचारा, आणि तिथं पाण्याचा रंग बदलल्याची बातमी असेल तर काही आठवडे राहू द्या.