रात्रपाळीने चष्म्याचा नंबर वाढतो?

भुसावळ-जळगाव पट्ट्यात सध्या एक मेसेज जो तो पुढे ढकलतोय: ‘रात्रपाळीने चष्म्याचा नंबर वाढतो, शेवटी नजर जाते. उपाय: डोळ्यांत रोज मधाचा थेंब, गाजर आणि निळा प्रकाश अडवणारा चष्मा.’ रेल्वे, दीपनगरचं वीजकेंद्र, एमआयडीसीतले पाइपचे कारखाने, सावद्याची केळीभरती, रात्रीच्या लाईटवर पिकाला पाणी भरणारे शेतकरी. इथे जागणारे घरोघरी आहेत. म्हणून हे खोडायलाच हवं.

आधी नंबर. तो डोळ्याच्या गोळ्याची लांबी, बुबुळाची वक्रता आणि भिंग यांवर ठरतो. मोठ्या माणसाचा नंबर जागरणाने चढत नाही. चाळिशीत जवळचं धूसर होतं, ते दिवसपाळीवाल्यालाही.

मग पहाटे डोळ्यांत वाळू गेल्यासारखं का होतं? हा त्रास खरा आहे, आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही. एरवी मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी लवते. स्क्रीनवर नजर खिळली की हे निम्म्यावर येतं. झोप अपुरी असेल तर अश्रूही कमी पडतात. त्यात मे महिन्यात बाहेर 45 अंश, आणि घरी आलेला माणूस कूलरचा झोत तोंडावर घेऊन दुपारभर झोपतो. डोळे कोरडे पडून चुरचुरणारच. झोत पायांकडे वळवा, खिडकीला जाड पडदा लावा, सलग झोपा.

मध डोळ्यांत घालूच नका. तो निर्जंतुक नसतो. त्याहून घातक म्हणजे मेडिकलवरून परस्पर आणलेले ड्रॉप महिनोन्‌महिने घालणं. त्यात स्टेरॉइड असलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

गाजर खुशाल खा, पण ते झोपेची भरपाई करत नाही. निळ्या चष्म्याचं म्हणाल तर वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात अशा 17 चाचण्या तपासल्या. डोळ्यांचा शीण साध्या काचेपेक्षा कमी होतो असं काही दिसलं नाही.

जपायचं ते वेगळंच. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली, म्हणजे दृष्टिपटलाखाली, पाणी साचण्याचा एक आजार ताण, स्टेरॉइड आणि पाळीच्या कामाशी जोडलेला आढळतो. एक डोळा झाकून पाहिल्यावर मधोमध करडा डाग दिसला, दाराची चौकट वाकडी दिसली, तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठा. चाळिशी उलटली किंवा साखर असेल, तर दाब आणि पडदा दरवर्षी तपासून घ्या.

लोको पायलटची नजर रेल्वे ठरावीक काळाने तपासते. केळीचा ट्रक भरणाऱ्याची कोण तपासतं? कारखानदारांनी आणि व्यापाऱ्यांनी नेत्रशिबिरं भरवावीत, तीही पाळी सुटण्याच्या वेळेला. सकाळी 11 च्या शिबिराला रात्रपाळीवाला झोपेतून उठून येत नाही.