पडवीतली कुत्री, लेप्टो आणि तुमची प्रतिक्रिया

पूर-वादळात जनावरांनाही शाळेच्या निवाऱ्यात, पडवीत जागा द्या असं सुचवणाऱ्या माझ्या ‘पूर-वादळात पाळीव जनावरांसाठी वाडीचा आराखडा’ या लेखावर ‘एक चिपळूणकर’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात ती अशी: माणसांना निवाऱ्यात जागा नसते तिथे कुत्र्यामांजरांचे आराखडे हे ‘चोचले’ कसले, ही अमेरिकेची नक्कल आहे, ग्रामपंचायतीकडे पैसा नाही, वादळात पडवीचे पत्रे उडतात हेही लेखकाला ठाऊक नाही, आणि ‘शाळेत कुत्री आणलीत तर लेप्टो आणि चावे दोन्ही गावाच्या माथी माराल’ (लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, पावसापुरात पसरणारा तापाचा आजार). शेवटी ‘एसीत बसून लिहिणाऱ्यांनी आधी गुडघाभर चिखलात उतरावं’ असा सल्ला.

आधी चिखलाबद्दल. वीस वर्षांहून जास्त काळ मी याच किनाऱ्यावर जनावरांचं काम करतो आहे. त्याचे किस्से ऐकवून तुम्हाला गप्प बसवायचं नाही. पण समोरचा कोण हे न विचारता त्याला एसीत बसवून मोकळं व्हायचं, ही बोलायची रीत नव्हे. तुम्ही चिपळूणचे असाल तर २२ जुलै २०२१ तुम्ही भोगलेला असणार, त्याचा मला पूर्ण आदर आहे. गोठ्यात दाव्याला बांधलेली गुरं सोडायला ज्यांना वेळ मिळाला नाही, त्यांनीही तोच दिवस भोगला. त्यांच्या वतीने लिहिलेल्या लेखाला ‘चोचले’ म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

पत्र्यांचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी सरसकट ‘शाळेची पडवी’ असं लिहून गेलो. पडवी पुरासाठी ठीक, वादळासाठी नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगरपासून दापोली, मंडणगडपर्यंत पत्रे आणि कौलं उडाली. वादळाचा इशारा असेल तर जनावरं स्लॅबच्या खोलीतच हवीत, दारं-खिडक्या लावून. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

लेप्टोचं वाक्य मात्र सोडून देता येणार नाही. ते वाचून उद्या एखादा सरपंच शाळेचं फाटक जनावरांना बंद करेल, आणि मग म्हातारी माणसं कुत्र्याला घेऊन माळ्यावर बसून राहतील. त्यांच्यासाठी होडी दुसऱ्यांदा न्यावी लागेल, तीही रात्री, भरतीच्या वेळी.

लेप्टोचा जंतू मुख्यतः उंदराच्या मुतातून येतो. कुत्र्याच्या आणि गुराच्या मुतातूनही येतो, हे मी नाकारत नाही. वरून धडधाकट दिसणारं कुत्रंही तो बाहेर टाकू शकतं. तो ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तग धरतो, कोरड्या जागी लवकर मरतो, आणि पायाच्या चिरेतून, डोळ्या-नाका-तोंडातून शरीरात शिरतो. म्हणजे निवाऱ्यात पोहोचलेली माणसं ज्या पाण्यातून चालत आली, तिथेच त्यांची लेप्टोशी गाठ पडलेली असते. शाळेत पुढची भर पडते ती उंदरांमुळे, कारण पुरात तेही उंचावर येतात. रात्रभर भाताची ताटली जमिनीवर राहिली की उंदीर आलेच. म्हणून नियम असा: जनावराला दिवसातून दोनदाच खायला द्यायचं, अर्ध्या तासात भांडं उचलायचं, आणि उरलेलं झाकणाच्या डब्यात. कुत्र्याला हाकलून ही ताटली उचलली जात नाही.

जागा कशी निवडायची तेही सांगतो. पाण्याचा नळ आणि पोषण आहाराची खोली ज्या टोकाला, त्याच्या उलट टोकाला जनावरं, आणि उतार त्यांच्याकडून बाहेर जाणारा. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून मारतो, तेव्हा शक्य असेल तिथे पूर्वेची बाजू घ्यावी. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा, भिजला की काढायचा. फरशीवरचं मूत आधी साध्या पाण्याने धुवायचं, मगच ब्लीचिंग पावडर: १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा, १० मिनिटं ठेवून पुन्हा धुवायचं. न धुता थेट मुतावर ब्लीचिंग टाकलं तर डोळे चुरचुरणारा वायू निघतो आणि बंद खोलीत लहान मुलं खोकत बसतात. ब्लीचिंगची पिशवी उघडी राहिली तर कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत तिचा जोर उतरतो, म्हणून घट्ट झाकणाचा डबा. फिनेल मात्र मांजरांच्या खोलीत नको, काळंही नको आणि पांढरंही नको. मांजर पाय चाटतं, आणि त्यातली द्रव्यं पचवायची ताकद त्याच्या यकृतात नसते. ‘स्वच्छता म्हणजे फिनेल’ या समजुतीने मांजरं दगावतात.

कुत्र्यांसाठी लेप्टोची लस आहे. ती सगळ्या प्रकारच्या लेप्टोवर चालत नाही, पण रोग पुष्कळ आवरते. पहिल्या वेळी दोन डोस, मध्ये दोन ते चार आठवडे, नंतर दरवर्षी एक. आणि दुसऱ्या डोसनंतर अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे. हा हिशेब जूनपासून मागे मोजा, एप्रिल येतो. रेबीजची लस त्याच फेरीत. गुरांच्या घटसर्प आणि फऱ्याच्या लसीही पावसाआधीच. वाडीची यादी एप्रिलमध्ये करा असं मी लिहिलं होतं ते यासाठी. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही.

आता चावे. कुत्रं निवाऱ्यात चावतं ते बहुतेक वेळा बांधण्यातल्या चुकीमुळे. दोरी लांब, शेजारचं कुत्रं टप्प्यात, आणि मधून पोरांची जा-ये. दोरी सव्वा मीटर ठेवा, दोन खुंट्यांत ४ मीटर अंतर, मध्ये ताडपत्रीचा आडपडदा, कारण एकमेकांकडे बघूनच ती चेकाळतात. बांधायचं पट्ट्याला, गळ्यात सरकता फास कधीच नको. ओल्या नायलॉनची गाठ अंगठ्यांनी सुटत नाही. नखं मोडतात आणि गाठ आणखी आवळते. म्हणून एका झटक्यात सुटणारी फेराची गाठ, आणि वर खिळ्याला अडकवलेला एक कोयता. घर सोडताना गुरांनाही हेच लागू: सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, नेता येत असतील तर वेळेत न्या, विजा कडकडत असतील तर उघड्या सड्यावर नको, दरडीखाली तर नकोच, काहीच जमत नसेल तर निदान दावं सोडा. मांजरासाठी मासळीचे किंवा आंब्याचे दोन प्लॅस्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून एकावर एक ठेवून चारी कोपरे सुतळीने बांधावेत, हात घालायच्या खाचा तारेने बंद. गोणपाटात कोंबलेलं मांजर भिजलं की गुदमरतं.

तरीही कुणी चावलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटं धुवायची, चुना-हळद-मिरची काही लावायचं नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लस. चावलेलं कुत्रं मारायचं नाही, १० दिवस बांधून लक्ष ठेवायचं.

अमेरिकेचं म्हणाल तर २००५ च्या कॅटरिना वादळात जनावरांना सोडून यायला कित्येक लोक तयार झाले नाहीत, आणि २००६ मध्ये तिथे कायदाच झाला की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राणी धरायचे. आपल्याकडची माणसं जनावरावर कमी जीव लावतात असं तुम्हाला म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

पैशाचं काय, यावर वाद घालत नाही. तूस, क्रेट, सुतळी, ताडपत्री प्रत्येक वाडीत पडून असते, आणि पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक फुकट लागतो.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र आधी लेख पूर्ण वाचा, मग मला चिखलात उतरवा.