समुद्राला जाताना तुळजापूर लागतं

मराठवाड्यातल्या माणसाची समुद्राशी ओळख भूगोलाच्या पुस्तकातली. महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा किनारा आहे हे आम्ही शाळेत घोकलं, पण आमच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातला हातभरसुद्धा आलेला नाही. आमच्याकडं किनारा म्हणजे मांजरा धरणाचा. पाऊस रुसला की तोही सरकत सरकत धरणाच्या मधोमध जातो आणि सुटलेल्या जागेत पोरं क्रिकेट खेळतात.

अशा आमच्या लातुरात डेन्मार्कचा एक पोरगा वर्षभरासाठी आला. आपलं एक लेकरू तिकडं, त्यांचं एक इकडं, अशी विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची योजना असते, त्यातला. उतरला आमच्या घरी. डेन्मार्कात म्हणे कुठंही उभं राहा, समुद्र 52 किलोमीटरच्या आत असतो. लातूरपासून साधारण तेवढ्या अंतरावर निलंगा आहे. तिथं भात फार चांगला मिळतो, पण लाटा नाहीत.

पाव्हणा गुणी होता. ज्वारीची भाकरी मोडून खायला शिकला. येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या रानातल्या पूजेच्या अमावस्येला, कोपीसमोर बसून तांब्याभर आंबील प्याला आणि तिथंच आडवा झाला. पण त्यानंतर काही दिवसांनी त्यानं विचारलंच, 'समुद्र कुठल्या बाजूला आहे?' घरातल्या तिघांनी तीन दिशा दाखवल्या.

मोबाइलमध्ये बघितलं तर घरापासून औशाकडं जाणारा रस्ता तसाच पुढं तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत रत्नागिरीला जातो. नागपूर-रत्नागिरी महामार्ग. जन्मभर ज्या रस्त्यानं वऱ्हाडात बसून औशाला गेलो, त्याच्या दुसऱ्या टोकाला समुद्र आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता परवानगी. आमच्याकडं स्वतःच्या हौसेनं फिरायला निघालो म्हटलं की घरचे कपाळाला हात लावून ताप बघतात. 'पाव्हण्याला दाखवायचंय' म्हटलं की मात्र नाही म्हणायची सोय नसते. तरी वडिलांनी अडवलंच.

'तिथं जाऊन करणार काय?'

'समुद्र बघणार.'

'आणि मग?'

या 'आणि मग'ला कुणाकडंच उत्तर नव्हतं. देवाला गेलं की दर्शन होतं, लग्नाला गेलं की जेवण होतं, दवाखान्यात गेलं की बिल होतं. समुद्राला गेलं की काय होतं?

आईची काळजी वेगळी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा डब्यांतून पाच लाख लिटर. तेव्हापासून घरात रिकामं भांडं दिसलं की आईला चैन पडत नाही. 'तिथलं पाणी खारट असतंय म्हणं,' असं म्हणून तिनं गाडीत पाण्याचे दोन भरलेले जार चढवले. समुद्राला निघालेली माणसं घरून पाणी घेऊन निघाली, याची पाव्हण्यानं वहीत नोंद केली.

गाडी आत्याच्या घरची, बोलेरो. चालवायला सरपंच. याचे चुलते गावात उपसरपंच आहेत, पण मित्राला 'उप' कशाला लावायचं? दुसरा डॉक्टर, नीटला बसून बसून आमच्यातच डॉक्टर झालेला. पाव्हण्याला योजनेच्या नियमानं स्टेअरिंगला हात लावायची बंदी. आणि पाचवी खुद्द आत्या. माळकरी, नऊवारीतली. 'मी आपली तुळजापूरपर्यंतच येते. दर्शन घेते, एसटीनं माघारी जाते. बायकांना अर्धंच तिकीट हाय आता.' संध्याकाळी माघारी येणाऱ्या बाईच्या पिशवीत स्वेटर, चादर आणि दोन डबे भरून धपाटे कशाला, हा प्रश्न आम्हा तिघांनाही पडला होता. पण गाडी तिची होती.

तुळजापुरात पुजाऱ्यांनी पाव्हण्याकडं वर मान करून बघितलं आणि विचारलं, 'यांचं कुळ?' आत्या म्हणाली, 'आपलंच लिवा.' अशा रीतीनं डेन्मार्क भवानीच्या चोपड्यात गेला.

दर्शन झाल्यावर आत्या चिंतामणीपाशी गेली. तुळजापुरात हा एक गोल दगड आहे. वर नाणं ठेवायचं, दोन्ही हात टेकायचे, मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही. शिवाजी महाराजांनी मोहिमेआधी इथं कौल घेतला असं सांगतात. आत्यानं डोळे मिटले. आम्ही बाजूला उभं राहून मनोमन डावीकडं ढकलत होतो. दगड थोडा थांबला, किंचित हलला, आणि ऐटीत उजवीकडं फिरला.

'काय विचारलंव आत्या?'

'दर्याला जाऊ का म्हणलं. आई जा म्हणली.'

भवानीपुढं अपील नसतं. सरपंचानं मुकाट्यानं पुढच्या सीटवरचं त्याचं जर्किन उचललं. पुढची सीट आत्याची झाली ती झालीच.

यानंतर जे घडलं त्याला रोड ट्रिप म्हणतात का, मला शंका आहे. लातूर ते समुद्र हा रस्ता नकाशावर पाचेकशे किलोमीटर दिसतो, पण आत्याच्या डोक्यात जो नकाशा होता त्यात किलोमीटर नव्हतेच, नुसते देव होते. सोलापुरात संक्रांतीची गड्डा यात्रा भरलेली. सिद्धेश्वराला वळसा घालून जायचं म्हणजे काय? देऊळ तळ्यात. भोवती पाणी बघून पाव्हण्याचा चेहरा उजळला. 'हे?'

'नाही, हे तळं.'

मंगळवेढ्यापाशी आत्यानं आधी ज्वारीचं रान बघून घेतलं, 'कणीस लई भरलंय,' म्हणाली आणि त्याच सुरात, 'इथवर येऊन इठ्ठलाला न भेटता जायचं म्हणजे उद्या त्यानं इचारलं तर काय सांगायचं?' सांगण्यासारखं आमच्याकडं काही नव्हतं. गाडी पंढरपूरला वळली. वाळवंटात उतरल्यावर पाव्हण्यानं चंद्रभागेकडं बोट केलं. 'हे?'

'नाही, ही नदी.'

त्या रात्री मठात सतरंजीवर झोपलो. पाव्हण्याचे पाय सतरंजीच्या बाहेर, एका वारकऱ्याच्या उशाशी. पहाटे चारला काकड्याला उठवलं तेव्हा तो दचकून उठून बसला आणि इंग्रजीत म्हणाला, 'आलो का?'

मिरजेत मात्र आत्यानं देव काढला नाही. रेल्वे स्टेशनच्या पाटीपाशी गाडी थांबवायला लावली, सीटवर बसूनच हात जोडले आणि म्हणाली, 'ह्या गावानं पाणी पाजलं बाबा आपल्याला.' पाव्हण्यानंही स्टेशनाला नमस्कार केला. इतक्या देवळांनंतर त्यानं विचारायचं सोडून दिलं होतं. हात जोडायचे आणि चपला सांभाळायच्या.

कोल्हापूरचं फार सांगत नाही. तुळजापूरची आई झाली की कोल्हापूरची राहून कशी चालेल, साडेतीन पीठांतली दोन तर रस्त्यावरच आहेत, वगैरे. पाव्हण्यानं रंकाळ्याकडं बघून विचारलंसुद्धा नाही.

आंबा घाट सुरू झाला तेव्हा एक भौगोलिक गोष्ट ध्यानात आली. डेन्मार्कातली सगळ्यांत उंच नैसर्गिक जागा 171 मीटर आहे. आमचं सपाट म्हणून ओळखलं जाणारं लातूरसुद्धा तिच्या कितीतरी वर. असल्या देशातलं लेकरू साखरप्याच्या बाजूला उतरणाऱ्या वळणांवर काय होणार? तिसऱ्या वळणाला तो बोलायचा थांबला, पुढच्या वळणाला काच खाली केली. डॉक्टर त्याची नाडी बघायला सरसावला आणि स्वतःच दुसऱ्या खिडकीतून वाकला. मग मीही मागं राहिलो नाही. सरपंचाची अडचण अशी की त्याला स्टेअरिंग सोडता येईना. आत्यानं पिशवीतून लिंबू काढलं, अर्धं पाव्हण्याला चोखायला दिलं, अर्धं आम्हा दोघांत. मग स्वतः एक धपाटं शेंगदाण्याच्या चटणीबरोबर सावकाश खाल्लं आणि खाली दरीकडं बघत म्हणाली, 'ह्या लोकांना शेतं कुठं असतील रे?'

गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आवाज आधी आला. सरपंच म्हणाला, मागून ट्रॅक्टर येतोय बहुतेक. गाडी वळली आणि समोर ते सगळं. पाव्हण्यानं गाडी थांबायच्या आत दार उघडलं, एक बूट काढला, आणि आत्यानं त्याचं मनगट धरलं.

'आदुगर देव.'

इथं देऊळ पार समुद्राला खेटून आहे. बरं, इथली प्रदक्षिणा गाभाऱ्याला नाही, अख्ख्या डोंगराला. डोंगरच देव. म्हणजे किलोमीटरभर चाल. पाव्हणा एका पायात बूट आणि एका हातात बूट घेऊन डोंगराला फेरी मारत होता. वाटेत झाडांमधून समुद्र दिसायचा, परत लपायचा. त्या फेरीतला त्याचा चेहरा मी विसरणार नाही. महिनोन् महिने भाकरी खाऊन जे त्याला जमलं नव्हतं ते त्या किलोमीटरात जमलं. तो मराठीत कण्हला.

आणि मग समुद्र. आम्ही तिघंही विहिरीत पोहायला शिकलेलो, पाठीला डबा बांधून. विहिरीचं एक बरं असतं, पाणी आपल्या जागी असतं, उडी आपण मारायची. इथं पाणीच अंगावर उडी मारतं. सरपंच मुटका मारायच्या तयारीनं धावत गेला. बराच वेळ धावला तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना. थांबून मागं वळून 'काहीच नाही रे!' असं ओरडला आणि तेवढ्यात पाठीमागून आलेल्या लाटेनं त्याला उलटापालटा करून आमच्या पायाशी आणून टाकलं. बरमुड्याच्या दोन्ही खिशांत ओली वाळू. डॉक्टरनं एक घोट पाणी तोंडात घेतलं, खात्री करायला. खारटच होतं. लातूरकर माणूस एवढं पाणी असं बघतो आणि त्याच्या मनात पहिला हिशेब टँकरचा येतो, हे मी मोकळेपणानं सांगतो. ते सगळं पिता येत नाही ही गोष्ट सरपंचाला जरा अपमानाचीच वाटली.

पाव्हणा मात्र पोहायला जाऊ शकला नाही. इथला किनारा जरा पुढं गेलं की एकदम खोल होतो, तशा पाट्या लावल्यात, आणि त्यानं दोन हात मारले की जीवरक्षकाची शिट्टी व्हायची. सातासमुद्रापलीकडून आला, आणि हातात आलेला समुद्र गुडघाभर.

रात्री घरगुती जेवणाची पाटी बघून एका घरी गेलो. मालकांनी विचारलं, 'मच्छी खाणार ना?' सरपंच मटणातला पट्टीचा, येसर घातलेला रस्सा वाटीनं पिणारा. म्हणाला, 'खाणार की.' मग ताटात अख्खा बांगडा आला, डोळ्यांसकट. मटणाचं हाड कसं, समोर दिसतं आणि तोंडातून बाहेर निघतं. हे काटे कुठून सुरू होतात आणि कुठं संपतात याचा पत्ता लागेना. शेवटी पाव्हण्यानं त्याचं ताट ओढून घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि काट्यांची अख्खी फणी अलगद उचलून बाजूला ठेवली. 'असं,' म्हणाला. आल्यापासून त्याला कुणालातरी काही शिकवायची ही पहिलीच संधी. त्यानं ती पुरवून पुरवून वापरली, पार डॉक्टरचं ताटही साफ केलं. आत्यानं सोलकढी प्यायली आणि 'आंबील काय वाईट होती?' एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी जयगडहून तवसाळला जायचं होतं. मधे शास्त्री नदीची खाडी. तिथं फेरीबोटीत गाडी चढवतात. आम्हाला हे माहीत होतं, सरपंचाला सांगायचं राहिलं होतं. रस्ता पाण्यात संपलेला बघून त्यानं करकचून ब्रेक मारला. बोटवाला हातानं 'या, या' करतोय आणि हा खिडकीतून ओरडतोय, 'पुढं पाणी हाय!' कशीबशी गाडी वर चढली. हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली, आम्ही सगळे उतरलो. सरपंच उतरेना. दहा-पंधरा मिनिटांचा तो प्रवास त्यानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबून केला. कपाळावरून घाम वाहतोय, नजर समोर, दोन्ही हात स्टेअरिंगवर. शेजारची माणसं चहा पीत त्याच्याकडं बघत होती.

आत्या कठड्याला धरून उभी. भीती घालवायला तिनं पाव्हण्याला विचारलं, 'तुमच्याकडं दर्यावर कोणता देव हाय?'

पाव्हणा विचारात पडला. मग त्यानं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. कोपनहेगनच्या धक्क्याजवळ दगडावर बसलेली जलपरी. ब्राँझची, 1913 पासून तिथंच. आत्यानं फोटो जवळ धरला, लांब धरला.

'शंभर वर्सं झाली बसून?'

'जास्त.'

'मग हिची ओटी कोण भरतं?'

पाव्हण्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाडीकडं बघितलं.

'आणि लुगडं? थंडी असंल तिकडं.'

पलीकडं हेदवीचा दशभुजा गणपती, वेळणेश्वराचा महादेव, गुहागरचा व्याडेश्वर. सागरी महामार्ग नेमका कुणी आणि कशासाठी आखला याबद्दल आता आत्याच्या मनात शंका उरली नव्हती. गुहागरच्या किनाऱ्यावर स्थानिकांना विचारून, ओहोटीची वेळ टाळून, पाव्हणा एकदाचा मनसोक्त पोहला. आत्या तेवढा वेळ त्याचे दोन्ही बूट मांडीवर घेऊन वाळूत बसली होती.

उन्हाळ्यात तो परत गेला. जाताना आईनं शेंगदाण्याची चटणी दिली, आत्यानं हिरवा खण. कुणासाठी ते सांगायला लागलं नाही.

काही आठवड्यांनी फोटो आला. दगडावर ती जलपरी, मांडीवर आमच्या बाजारातला हिरवा खण, बाजूला दगडावर तोल सावरत पाव्हणा, हात जोडलेले, चपला काढलेल्या. मागं फोटो काढायला थांबलेल्या माणसांची गर्दी. आत्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवला, बराच वेळ शोधत राहिली आणि म्हणाली,

'नारळ कुठंय?'