परदेशी संसाराचा लातूर पॅटर्न

तुमचं ठरलंय तर. कंपनीचं पत्र आलं, पासपोर्टवर व्हिसा चिकटला, गंजगोलाईत दोन मोठ्या बॅगांचा भाव करून झाला. 1917 साली बांधलेल्या त्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि एव्हाना सोळाही रस्त्यांनी बातमी गेलेली आहे, तेव्हा आता माघार नाही. बायको-पोरांसह चार वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टजवळ, काढून आलेला माणूस या नात्यानं चार गोष्टी सांगतो. ऐकल्याच पाहिजेत असं नाही. मीही जाताना कुणाचं ऐकलं नव्हतं, म्हणून तर आज सांगायला एवढा ऐवज आहे.

तिकडं राहणं सोपं आहे हो. तिकडं राहताना लातूरला कसं दिसायचं, हा खरा अभ्यासक्रम. बारावीला आपल्याकडं जशा जुन्या प्रश्नपत्रिका घोटून घेतात, तसा याचाही सराव करून जा. प्रश्न ठरलेले आहेत: पगार किती, घर स्वतःचं का भाड्याचं, थंडी किती, आणि 'आता तिकडचेच होणार का?' शेवटचा प्रश्न दहा मार्कांचा. उत्तरात 'बघू' एवढंच लिहावं, जास्त लिहिलं की मार्क जातात.

फोटो बर्फाचे पाठवावेत. बर्फात पोरं, बर्फात बायको, बर्फात तुम्ही. फक्त हातातलं फावडं फोटोत येऊ देऊ नका. घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ सकाळी सातच्या आत काढायचा असतो. कुणी घसरून पडलं तर प्रकरण आपल्या अंगावर येतं. माझा फावड्यासकटचा एक फोटो चुकून भावकीच्या ग्रुपवर गेला आणि संध्याकाळच्या आत रेणापूरहून आत्याबाईंचा फोन, "का रे, नोकरी गेली का? रोजगार हमीवर लागलास म्हणं."

बर्फाचं काम तरी वर्षातून मोजके दिवस. केराचं बारमाही. तो मुलूख श्वाबियन लोकांचा, आणि त्यांच्यात केरवोखे नावाचं एक व्रत आहे. वोखे म्हणजे आठवडा. आणि केर म्हणजे झाडणं, म्हणजे आपला केरच. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हा शब्द ऐकला तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला तो माणूस खुर्चीत ताठ झाला. "आपलाच शब्द नेला की यांनी!" कुणी कुणाचा नेला ते भाषावाल्यांनी बघावं, झाडू माझ्या हातात होता एवढं मला माहीत आहे.

1492 साली, कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला आणि भलतीकडंच जाऊन लागला त्याच साली, स्टुटगार्टच्या नगरनियमांत लिहिलं गेलं की प्रत्येकानं आपापली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. कोलंबसाची चूक जगानं कधीच पोटात घातली, हा नियम मात्र तिथं कुणी विसरायला तयार नाही. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडानं पाळीपाळीनं जिना झाडून-पुसून काढायचा. मोठी पाळी असली की फुटपाथ आणि कचऱ्याच्या डब्यांची जागासुद्धा. आपल्याकडं पाळी पाण्याची असते, तिकडं जिन्याची. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लागते.

ती पाटी पहिल्यांदा आमच्या दाराला लागली तेव्हा माझं जर्मन 'गुटेन टाग'च्या पुढं गेलेलं नव्हतं. सुबक लाकडी पाटी, वळणदार अक्षरं. नव्या बिऱ्हाडाचं स्वागत केलं म्हणायचं, असं समजून मी ती आत आणली आणि तुळजाभवानीच्या फोटोशेजारी खिळ्याला अडकवली. बायकोनं हळदीकुंकू वाहिलं. फोटो अण्णांना गेला, अण्णांनी तो 'चिरंजीवांचा जर्मनीत सत्कार' असं लिहून पुढं धाडला. अभिनंदनाचे फोन औशापासून उदगीरपर्यंत आले. आठ दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या, वय ऐंशीच्या पुढं, हातात बादली. त्यांनी पाटीकडं बघितलं, पाटीवरच्या कुंकवाकडं बघितलं, आणि एक शब्द न बोलता मला जिन्यात नेऊन पुसायला शिकवलं. आधी कोरडं, मग ओलं, मग परत कोरडं. वरून खाली. कोपऱ्यात बोटाला फडकं गुंडाळून. माझ्या आयुष्यात एवढ्या मन लावून मला फक्त एकाच बाईंनी शिकवलं होतं, आणि त्या गणिताच्या होत्या.

तेव्हा सल्ला असा की लातुरात असेपर्यंत फरशी पुसायची सवय चुकूनही लावून घेऊ नका. जेवलेलं ताट जागेवरच राहू द्यावं, पाण्याचा तांब्या बसल्या जागी मागावा. तरच चौतिसाव्या वर्षी परक्या देशात गुडघ्यावर बसून पायरी पुसण्यातली गोडी पुरती कळते. वरच्या पायरीवर बायको मोबाइल धरून उभी असेल, तिकडं लक्ष देऊ नका. माझा तो व्हिडिओ तिच्या माहेरी अंबाजोगाईला अजून दर दिवाळीत फराळाबरोबर लावतात.

फोनच्या वेळा निघण्याआधीच ठरवून घ्या. ठरवून उपयोग होत नाही, पण ठरवाव्यात. हिवाळ्यात आपण तिकडच्यापेक्षा साडेचार तास पुढं, उन्हाळ्यात साडेतीन, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडं अख्खा देश घड्याळ एक तास पुढं करतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं. अण्णांना हे चार वर्षांत पटलं नाही. "असा काटा मागं-पुढं मोंढ्यात केला असता तर शेतकऱ्यानं आडत्याला ठोकला असता." अण्णा पहाटे पाचला उठतात आणि चूळ भरली की फोन लावतात. तिकडं तेव्हा साडेबारा, नाहीतर दीड. "झोपलास का?" यावर "नाही अण्णा, जागाच हाय" हेच उत्तर आहे. मग ते विचारतात, "बरंय का सगळं?" तुम्ही म्हणायचं बरंय. तुम्ही विचारायचं, "नळ आला का?" ते म्हणतात, आला. तुमच्याकडं धाकटा तापानं फणफणलेला असतो, त्यांच्याकडं दहा दिवस नळाला थेंब नसतो. संभाषण छान होतं.

पोरांच्या शाळेबद्दल फार सांगत नाही, लातूरच्या माणसाला सोसायचं नाही. पहिलीच्या पहिल्या दिवशी पोराच्या हातात त्याच्या छातीएवढा कागदी शंकू देतात, खाऊनं गच्च भरलेला. ट्यूशन कुठली लावली असं तुमच्या भावानं विचारलंच, तर 'इंटिग्रेटेड बॅच आहे' म्हणून मोकळं व्हा. मात्र चुलतभावाच्या लग्नाला चार दिवस आधी पोरं उचलून आणता येत नाहीत, विनापरवाना शाळा बुडवली तर दंड होतो. येळवस, म्हणजे शेतात पांडव मांडून पुजायची आपली वेळ अमावास्या, नाताळच्या सुट्टीत पडली तर तुमचं नशीब. आमची एका वर्षी नाही पडली. मग खिडकीतल्या कुंडीभोवती पाच खडे पांडव म्हणून मांडले, कडब्याच्या खोपीऐवजी पुठ्ठ्याचं खोकं उभं केलं आणि आंबील हीटरवर ठेवून आंबवली. थोरल्यानं विचारलं, पांडव इथं काय करायलेत? बायको म्हणाली, वनवास.

आता मुख्य धडा: आईवडिलांना तिकडं नेणं. हा तुम्ही टाळणार नाही, मीही टाळला नाही. नव्वद दिवसांचा व्हिसा, त्यासाठी कागदांचा गठ्ठा, आणि प्रत्येकी किमान 30,000 युरोचा आरोग्य विमा. अण्णांनी आकडा दोनदा विचारून घेतला. "म्हणजे तिकडं आजारी पडलो तर तीस हजार युरो. आन् इथं पडलो तर?" इथं पडलात तर सरकारी दवाखान्याची रांग, असं मी म्हणालो नाही. बॅगेत काय न्यायचं याची यादी मी पाठवली होती. दुधाचं काही चालत नाही: तूप नाही, खवा नाही, पेढे नाहीत. आईनं यादी नीट वाचून घेतली आणि जे चालतं ते दुप्पट भरलं. येसर, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, आणि बॅगेच्या तळाला, लुगड्यात गुंडाळलेला, लोखंडी खलबत्ता. विमानतळावरच्या माणसानं तो बाहेर काढून हातात तोलून बघितला. हत्यार म्हणावं की नाही हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

हा खलबत्ता आईनं पहिल्या रविवारी दुपारी दोनला काढला. जर्मनीत रविवार म्हणजे दुकानं बंद, ड्रिल बंद, रिकाम्या काचेच्या बाटल्या डब्यात टाकायलासुद्धा बंदी, कारण खळ्ळ आवाज होतो. अशा शांततेत आईनं लसूण-मिरचीचा ठेचा घातला. घाव बत्त्याचे, आणि घाव घालणारे हात पन्नास वर्षांच्या सवयीचे. संध्याकाळी दाराला चिठ्ठी. सुरुवात 'प्रिय शेजाऱ्यांनो' अशी होती. तिकडं 'प्रिय' आलं की पुढचं वाचायला जरा बसून घ्यावं.

अण्णांचं वेगळंच चाललेलं. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या मशिनमध्ये घातली की 25 सेंट परत मिळतात, हे नातवानं त्यांना सांगून टाकलं. म्हणजे बाटलीला वीस-पंचवीस रुपये! लातुरात भंगारवाला किलोला किती देतो हे तोंडपाठ असलेला माणूस. तिसऱ्या दिवसापासून बागेतल्या बाकांखाली वाकून बघत फिरणारे, धोतर-कोटातले निवृत्त गुरुजी हे आमच्या भागातलं एक स्थळच झालं. मी जिना पुसतो हे बघून त्यांना वाईट वाटेल अशी मला भीती होती. बाटल्यांमुळं आमची बरोबरी झाली.

हे सगळं निभतं. एक गोष्ट मात्र निभत नाही, ती कळकळीनं सांगतो: पाणी कुठून येतं हे त्यांना सांगू नका.

झालं असं की पहिल्याच संध्याकाळी आईनं घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवली. पातेली, कुकर, सॅलडचं काचेचं भांडं, धाकट्याचा जुना आंघोळीचा टब, चहाचे कप. बादल्या दोनच निघाल्या म्हणून तिला आमच्या संसाराची काळजी वाटली. मी समजावलं, आई, इथं नळाला चोवीस तास पाणी असतं. ती म्हणाली, "आज हाय." 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीनं लातूरला पाणी आलं, पहिल्या फेरीला दहा वाघिणींत पाच लाख लिटर, तेव्हाच्या उन्हाळ्यात रात्री दोनला टँकरच्या मागं घागर घेऊन धावलेली बाई ती. तिला पटवणं माझ्या हातचं नव्हतं. अण्णा मात्र माझ्या बाजूनं होते. "अगं हे युरोप हाय. उगा अडाण्यावानी करू नको." रोज रात्री आई भरायची, रोज सकाळी अण्णा हसत झाडांना ओतायचे.

मग एका दुपारी खालच्या आजी कॉफीला आल्या. ठेच्याचं प्रकरण मिटलं होतं. त्यांनी ती भांडी बघितली, कारण विचारलं, मी सांगितलं. त्यावर आजींनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की आमच्याकडंही पाण्याचा दुष्काळच होता, पण 1958 पासून बोडनसे तळ्याचं पाणी नळानं इकडं येतं. आणि मी, शहाणा, ते मराठीत सांगून बसलो.

अण्णांनी कप खाली ठेवला.

"किती लांब हाय तळं?"

"शे-सव्वाशे किलोमीटर."

"म्हणजे यांच्या गावात पाणी नाही."

"आहे थोडं. पुरत नाही."

"आन् तळं यांच्या मालकीचं?"

तळं जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तिघांच्या मध्ये आहे, हे मी इथं सांगायला नको होतं. नाशिक-नगरनं जायकवाडीला पाणी सोडलं की नाही, ही बातमी वर्षानुवर्षं पेपरात आधी उघडून वाचणारा माणूस समोर बसला होता.

"वरच्या अंगाला कोण?"

"स्वित्झर्लंड. ऑस्ट्रिया."

"आन् त्यांनी वरनं सोडलंच नाही तर?"

मी म्हणालो, अण्णा, तसं नसतं इथं, भक्कम पाइपलाइन आहे. ते म्हणाले, "धनेगावच्या धरणावरनं लातूरलाबी पाइपलाइनच हाय." यापुढं माझ्याकडं मुद्दा नव्हता. आजींनी विचारलं, काय म्हणतात वडील? मी म्हणालो, कॉफी आवडली म्हणतात.

त्या रात्री अकराच्या पुढं मला जाग आली. बाथरूममध्ये उजेड होता. आंघोळीच्या मोठ्या टबाला बूच लावलेलं, शेजारी पोरांच्या स्टुलावर अण्णा गुडघ्यावर हात ठेवून बसलेले, नळ सुतासारखा सुरू.

"मोठा सोडला तर खालच्या बाईंची झोप मोडंल," ते हळू आवाजात म्हणाले. "तू झोप. भरलं की बंद करतो."